मराठवाड्यात पत्रकारितेची पदवी : प्रवेश कुठे घ्यायचा, कागद कोणते आणि कधी काढायचे

पत्रकारितेची पदवी सरकारी विद्यापीठातून करायची असेल तर आधी एक गोष्ट पक्की करा : बारावीनंतर जायचं की पदवीनंतर. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. बारावीनंतरची पदवी म्हणजे पत्रकारिता व जनसंवाद विषयातलं बीए. त्याला कला, वाणिज्य, विज्ञान कोणतीही शाखा चालते आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांवर थांबता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. बीजे, म्हणजे बॅचलर ऑफ जर्नालिझम, हा मात्र आपल्याकडे पदवीनंतरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम. नावात ‘बॅचलर’ बघून बारावीच्या पोरांनी तो अर्ज भरू नये, छाननीतच बाद होतो.

आता विद्यापीठ. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे १९५८ साली स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली १९९४ च्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या. आपला जिल्हा सोडून दुसऱ्या विद्यापीठात अर्ज करायला काहीच हरकत नाही. फक्त आधीची पदवी एका विद्यापीठाची आणि प्रवेश दुसऱ्यात असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र म्हणजे मायग्रेशन लागतं. बारावी सीबीएसईतून केलेल्यांनाही ते लागतं. कुठे बारावीच्या गुणांवर यादी लागते, कुठे प्रवेश परीक्षा असते. त्या वर्षीचं माहितीपत्रक संकेतस्थळावरून उतरवून पूर्ण वाचा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. अर्ज ऑनलाइन भरला तरी काम संपत नाही. मूळ कागदांची पडताळणी समोर बसून होते.

नेहमीचे कागद सगळ्यांना माहीत आहेत : दहावी-बारावीची गुणपत्रकं, टीसी, आधार, फोटो, रहिवासी दाखला, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र. आता एबीसी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा होणाऱ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक, पण लागतो. तो डिजिलॉकरवर मोबाइलवरून काढता येतो, बारा अंकी असतो. आधारवरचं आणि दहावीच्या गुणपत्रकावरचं नाव जुळत नसेल तर आधार आधी दुरुस्त करून घ्या.

खरी धावपळ होते ती जातीच्या दाखल्यासाठी, आणि इथेच गावाकडच्या चांगल्या गुणांच्या पोरापोरींची जागा हातची जाते. निकाल लागल्यावर सेतू केंद्रात गर्दी होते, सर्व्हर अडकतो आणि इकडे यादीची तारीख निघून जाते. म्हणून बारावीची परीक्षा संपली की लगेच फाइल टाका. दाखला उपविभागीय अधिकारी देतात आणि त्याला जुना पुरावा लागतो : अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसी व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा.

आजोबा शाळेत गेले असतील तर त्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन प्रवेश-निर्गम उतारा, म्हणजे शाळेत नाव घातल्या-काढल्याच्या रजिस्टरची नक्कल, मागा. मुख्याध्यापकांना गाव, अंदाजे साल आणि आजोबांचं त्यांच्या वडिलांच्या नावासह पूर्ण नाव लिहून द्या, म्हणजे रजिस्टर चाळायला सोपं जातं. उताऱ्यावर रजिस्टर क्रमांक, जातीची नोंद आणि शाळेचा शिक्का आहे का ते तिथेच तपासा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, त्यामुळे जुना महसुली कागद उर्दूत किंवा मोडीत निघू शकतो. तो निरुपयोगी समजू नका. भाषांतर करून मूळ प्रतीसोबत जोडा. आजोबा ते तुम्ही हे नातं दाखवणारी वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते.

ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती व भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) यांना नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे प्रगत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्रही लागतं, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख. एससी, एसटीला त्याची गरज नाही. ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला वेगळा असतो. उत्पन्नाच्या दाखल्यावर मुदतीची तारीख छापलेली असते, बहुधा ३१ मार्च. गेल्या वर्षीचा दाखला तसाच लावून देऊ नका. जुन्या दाखल्यावर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद लिहिलेलं असलं तरी तेवढ्यासाठी नवा काढायची गरज नाही, जिल्ह्यांची नावं २०२३ मध्ये बदलली आहेत.

फीच्या भीतीने अर्जच न भरणारी मुलं पाहिली की जीव तुटतो. दुष्काळ, ऊसतोड, पाण्याचे टँकर या बातम्या ज्यांनी घरात सोसल्या, तीच मुलं वर्गात हवीत. सरकारी विद्यापीठाची फी खासगी संस्थांच्या मानाने बरीच कमी असते. वर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातींच्या भारत सरकार शिष्यवृत्तीसाठी उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात. खातं मात्र आधारशी जोडलेलं हवं. बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग झालं का’ असं स्पष्ट विचारा, नुसतं आधारची झेरॉक्स देऊन भागत नाही.

प्रवेश झाल्यावर विद्यापीठ पात्रता तपासून पीआरएन, म्हणजे कायमचा नोंदणी क्रमांक, देतं. तो आला की नावाचं स्पेलिंग आणि प्रवर्ग बघून घ्या, चूक असेल तर पहिल्या सत्राचा परीक्षा अर्ज भरण्याआधी विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी नव्याने नूतनीकरण करावा लागतो, दुसऱ्या वर्षी तो आपोआप पुढे जात नाही.