किटमधला कागद: महामारीतली ख्रिस्ती सेवा आणि बदललेलं उन्हाळी शिबिर

एप्रिल २०२०. नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सभागृहात तोंडाला रुमाल बांधून सात-आठ जण रेशनच्या पिशव्या भरत होते. पाच किलो तांदूळ, तूरडाळ, तेलाची पिशवी, चहा-साखर, मीठ, दोन साबण. कोपऱ्यात छापील कागदांचा गठ्ठा पडला होता. कागदावर बायबलमधलं ९१वं स्तोत्र, साथीत देव राखतो असं सांगणारं, आणि खाली पाळकांचा (चर्चच्या धर्मगुरूंचा) फोन नंबर. त्या महिन्यात ते स्तोत्र निम्म्या ख्रिस्ती घरांच्या स्टेटसला होतं. प्रश्न एवढाच होता की हा कागद पिशवीत घालायचा की नाही. वाद रात्री दहापर्यंत चालला. पिशव्या भरून झाल्या, वाद संपला नाही.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती स्वयंसेवकांचं महामारीतलं काम समजायचं असेल, तर किती किट वाटली यापेक्षा या कागदाकडे आधी बघावं लागतं.

वाद जुना आहे. १८७६-७८च्या दुष्काळात तेलुगू मुलखातल्या एका अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनऱ्याने बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैलांच्या खोदाईचं कंत्राट घेतलं, म्हणजे उपाशी माणसांना दान नव्हे तर मजुरी मिळावी. आणि मदतीचं काम चालू असेपर्यंत बाप्तिस्मे, म्हणजे ख्रिस्ती होण्याचे विधी, थांबवले. लोक पोटासाठी येताहेत असं कोणी म्हणू नये, हा हेतू. मदत संपल्यावर ३ जुलै १८७८ या एकाच दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. हा आकडा दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या बाजूने वापरतात. एक म्हणतो, बघा, थांबले होते. दुसरा म्हणतो, बघा, थांबून काय झालं.

आपल्याकडचा धागा प्लेगचा. १८९७च्या दुष्काळात पुण्यात विधवांसाठी सदन चालवणाऱ्या पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून मुली घेऊन आल्या, तर प्लेगच्या बंदोबस्तामुळे एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात. त्यांना केडगावच्या शेतावर हलवावं लागलं, आणि पुढचं सगळं काम तिथेच वाढलं. ज्या साथरोग कायद्याचा जन्म त्या वर्षीचा, तोच मार्च २०२०मध्ये राज्याने पुन्हा लागू केला. साथ आली की काम चर्चच्या आवाराबाहेर पडतं, हे तेव्हाही झालं होतं.

मधली शंभर वर्षं भराभर ओलांडतो. उन्हाळी शिबिराचं, म्हणजे आपल्या व्हीबीएसचं (व्हेकेशन बायबल स्कूल, सुट्टीतली बायबल शाळा) मूळ न्यूयॉर्कच्या ईस्ट साइडला आहे. १८९८मध्ये तिथल्या एका बाईंनी सुट्टीत रस्त्यावर हिंडणाऱ्या पोरांसाठी वर्ग काढला आणि दुसरी जागा मिळेना म्हणून चक्क बिअर हॉल भाड्याने घेतला. दारूच्या गुत्त्यात बायबल शाळा, ही गोष्ट आपल्या शिबिरांत कोणी सांगत नाही, आणि ते वाईट आहे. पुढे ही कल्पना जगभर गेली. आपल्याकडे ती मे महिन्याच्या सुट्टीत इतकी मुरली की नगर, सोलापूर, नाशिककडच्या मंडळ्यांतल्या मुलांना व्हीबीएस म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सकाळी तीन तास, आठ-दहा दिवस. हातवारे करून गायची गाणी, सुवर्णवचनाचं, म्हणजे बायबलमधल्या निवडक ओळीचं, पाठांतर, चिकटकाम, सरबत-बिस्कीट, शेवटच्या दिवशी घोषणा देत फेरी आणि पालकांसमोर समारोप. वसईच्या कॅथलिक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) रीत वेगळी, नाव वेगळं, पण सुट्टी तीच.

आता त्या शब्दाकडे येतो, ज्याच्याशिवाय कागदाचा वाद कळत नाही. शब्द आहे ‘सेवा’.

मराठी ख्रिस्ती बोलीत ‘ते सेवेत आहेत’ म्हणजे ते पाळक किंवा प्रचारक आहेत. ‘आज सेवा कोणाची?’ म्हणजे आज वचन, म्हणजे बायबल, कोण सांगणार. आणि पुरात, भूकंपात, साथीत भाकरी घेऊन गेलो तर तीही सेवाच. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, सहावा अध्याय: जेवण वाढायला सात माणसं निवडली जातात, प्रेषित वचनाकडे लक्ष देतात. मूळ ग्रीकमध्ये दोन्ही कामांना एकच धातू आहे. मराठीतही ‘पंक्तिसेवा’ आणि ‘वचनाची सेवा’, शेपूट एकच. आवारात हे चालून जातं, कारण ऐकणाऱ्याला कुठली सेवा ते माहीत असतं. बाहेर पडलं की घोटाळा सुरू होतो. शेजारच्याला ‘सेवा’ म्हणजे वाढणं कळतं. सांगणारा मनात दोन्ही धरून असतो. इंग्रजी ‘आउटरीच’ वापरून तरुण पोरांनी यातून सुटका करून घेतली असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्या शब्दातही तोच गुंता आहे, फक्त तो कोणाला कळत नाही. ‘स्वयंसेवक’ म्हणावं तर त्याची तिसरीच तऱ्हा. नाक्यावर हवालदाराने विचारलं होतं, कुठले स्वयंसेवक? आमच्यातल्या एकाने ‘चर्चचे’ म्हटल्यावर त्याने पास दोनदा वाचला आणि हसून सोडलं.

त्यात वर्षही तसंच होतं. महाराष्ट्रात धर्मांतराविरुद्धचा वेगळा कायदा तेव्हा नव्हता, पण सीमेपलीकडे होता. मध्य प्रदेशाच्या १९६८च्या कायद्यात रोख वा वस्तुरूप भेटही ‘प्रलोभना’त मोडत होती, नोव्हेंबर २०२०मध्ये उत्तर प्रदेशाचा अध्यादेश आला, जानेवारीत मध्य प्रदेशाचा नवा. नंदुरबार-धुळ्याकडे काम करणाऱ्यांना ही चर्चा पुस्तकी वाटत नव्हती. पाच किलो तांदूळ आणि एक कागद म्हणजे काय, हे वकिलाला विचारावं लागावं असे ते दिवस.

सभागृहातल्या वादात ज्येष्ठांचं म्हणणं होतं: आपण कोणाच्या नावाने देतो ते लपवणं हाही खोटेपणाच. एका मावशींचं उत्तर मला अजून पटतं. त्या म्हणाल्या, ‘अहो, भुकेल्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून त्याला कागद देऊ नये.’ शेवटी मत घेतलं. कागद गळला, नंबर राहिला. पिशवीवर चिकटवला, कारण औषधासाठी, ॲम्ब्युलन्ससाठी लोक फोन करतील. त्या नंबरवर फोन आलेही, आणि काहींनी प्रार्थनाही मागितली. ती सेवा कुठली, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या मंडळ्यांनी कागद घातला. त्यांना मी चूक म्हणणार नाही, पण बरोबरही म्हणवत नाही.

पैशाची बाजू थोडक्यात. सप्टेंबर २०२०च्या अखेरीस परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. मोठ्या संस्थेने आलेली देणगी पुढे छोट्या संस्थेला द्यायची वाट बंद झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि दिल्लीतल्या एकाच बँक शाखेत खातं सक्तीचं झालं. साथ ऐन भरात असताना. गावपातळीचं बरंचसं काम मुळात रविवारच्या दानावर आणि मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलांच्या पैशांवर चालत होतं, म्हणून ते थांबलं नाही. जे शहरी संस्थेच्या अनुदानावर होतं ते मात्र अडलं.

शिबिराचं काय? मार्चमध्येच शाळा बंद झाल्या होत्या, आवारात दहा मुलंही जमवता येत नव्हती. काही मंडळ्यांनी वर्ष सोडून दिलं. काहींनी फोनवर नेलं, आणि फोनने शिबिराचा आकारच कापून टाकला. झूमची फुकट बैठक चाळीस मिनिटांची, म्हणून तीन तासांचा कार्यक्रम चाळीस मिनिटांत बसवला. बहुतेकांना झूम परवडेना, मग व्हॉट्सॲप. गटात तेव्हा २५६ जणांची मर्यादा, व्हिडिओ १६ एमबीचा. गोष्ट सांगणारी ताई तीन-तीनदा चित्रीकरण करायची, कारण बायबलमधला योना माशाच्या पोटात जाईपर्यंतच फाइल भरायची. घरात एकच फोन, तो वडिलांचा, आणि ते दिवसभर बाहेर. म्हणून सकाळचं शिबिर रात्री आठला. चिकटकामाचं सामान रेशनच्या फेरीतच पोचवलं: रंगीत कागद, गोंदाची बाटली, दहा स्टिकर, मूठभर राजमा-मसूर, सगळं एका प्लास्टिकच्या पाकिटात. एका घरी दुसऱ्या दिवशी विचारलं तर राजमा शिजवून झाला होता. त्यानंतर पाकिटात डाळ घातली नाही, बटणं घातली.

पण खरा बदल ऐकणाऱ्यांत झाला. या शिबिरांना मंडळीतली मुलं जेवढी, जवळपास तेवढीच वस्तीतली येतात: हिंदू, बौद्ध, मुसलमान, शेजारची सगळी. आवारात मूल सोडून आई घरी जायची. आत काय सांगतात ते समारोपाच्या दिवशी थोडंफार दिसायचं. आता फोन चौकटीपाशी टेकवलेला, शेजारी आजी भाजी निवडत बसलेली. प्रत्येक वाक्य तिच्या कानावर. शेवटच्या दिवशी मुलांना ‘निर्णय घ्या’, म्हणजे येशूला स्वीकारा, म्हणून आवाहन करायची जी सवय होती, ती त्या वर्षी अनेकांनी आपणहून सोडली. कोणी ठराव केला नाही. आजी ऐकतेय म्हटल्यावर ते वाक्य तोंडातून निघेना. जे आजीसमोर बोलवत नाही, ते नातवाला आवारात का सांगायचं, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा शिक्षकांच्या गटात आला.

२०२१मध्ये पुन्हा मैदानात उतरायचा बेत होता. प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२०ला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली होती. ईस्टर ४ एप्रिलला मोजक्या माणसांत झाला आणि दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा निर्बंध. छापून आलेली पुस्तकं गठ्ठ्यातच राहिली. त्या उन्हाळ्यात शिबिर घेणारीच पोरं ऑक्सिजन सिलिंडर, खाटांची यादी आणि दफनविधी यांत गुंतली. मुंबई महापालिकेने मार्च २०२०मध्ये कोविडने गेलेल्या सगळ्यांचं दहनच करायचा आदेश काढून त्याच दिवशी मागे घेतला होता. दुसऱ्या लाटेपर्यंत दफनभूमीत पीपीई घालून उतरणारे स्वयंसेवक शहरोशहरी तयार झाले होते. वीस-बावीस वर्षांची मुलं. कालपर्यंत ती सिंहांच्या गुहेतला दानिएल नाचून दाखवत होती.

१ एप्रिल २०२२ला राज्यातले निर्बंध उठले, पण बुडालेला अभ्यास भरून काढायला शाळा एप्रिलभर पूर्णवेळ चालल्या आणि शिबिरं मेमध्ये सरकली. आमच्याकडे त्या वर्षी पहिल्यांदा पालकांच्या सहीचा अर्ज आला. त्यात कोणत्या गोष्टी सांगणार त्यांची यादी, रोजची वेळ आणि ‘पालकांना कधीही येऊन बसता येईल’ ही ओळ. ज्येष्ठांना ती खटकली, तरुणांनी ठेवली. ९१व्या स्तोत्राचे उरलेले कागद मुलांच्या फाइलमध्ये गेले. रात्री आठचा गट कोणी बंद केला नाही. चौकटीपाशी बसून ऐकणाऱ्या दोन-तीन आज्या त्यात अजून आहेत, आणि गोष्टीचा व्हिडिओ यायला उशीर झाला की पहिला निरोप त्यांचाच येतो.