नोंद नवऱ्याच्या नावावर, वॉकर बाईला हवा: अमेरिकेतल्या मेडिकेअरची वाट

वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची ही साधने अमेरिकेतल्या ज्येष्ठांना मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या ‘भाग ब’मधून (डॉक्टर आणि साधनांचा खर्च) मिळतात. वय ६५ पूर्ण हवे. शिवाय नागरिकत्व हवे किंवा ग्रीन कार्ड; स्वतःच्या किंवा नवऱ्याच्या कामाची पुरेशी नोंद नसेल तर ग्रीन कार्डावर सलग ५ वर्षांचे वास्तव्यही हवे. नियमात बाई-पुरुष असा भेद नाही. तो येतो कागदांतून, आणि गरीब हिस्पॅनिक (स्पॅनिश भाषक मुळाच्या) घरांतल्या म्हाताऱ्या बायकांना तो फार जड जातो.

जिने आयुष्यभर रोख पैशांवर लोकांची घरे झाडली, मुले सांभाळली, तिच्या नावावर सोशल सिक्युरिटीचा (सरकारी निवृत्तिवेतन योजनेचा) कर जमाच झालेला नसतो. ‘भाग अ’ (रुग्णालयातला खर्च) विनाहप्ता मिळायला ४० क्रेडिट, म्हणजे कर भरलेल्या कामाचे गुण, लागतात. वर्षाला जास्तीत जास्त ४ मिळतात, म्हणजे किमान १० वर्षांची नोंद. ती नसेल तर नवऱ्याच्या नोंदीवर हक्क सांगता येतो: लग्नाला किमान १ वर्ष झालेले हवे आणि तो ६२ वर्षांचा हवा. घटस्फोटितेचे लग्न १० वर्षे टिकलेले असावे आणि सध्या ती अविवाहित असावी. विधवेलाही हा हक्क आहे. अर्ज करताना हे आपणहून विचारावे. मुलाच्या नोकरीवर मात्र आईला हक्क नाही. लेकाने बोलावून घेतलेल्या आपल्या मराठी आयांनाही हाच नियम, त्यामुळे बहुतेकींना ग्रीन कार्डाची ५ वर्षे मोजावी लागतात.

अर्ज सोशल सिक्युरिटी कार्यालयात करायचा. पासष्टी भरते तो महिना, आधीचे ३ आणि नंतरचे ३, अशी ७ महिन्यांची मुदत असते. ती चुकली तर ‘भाग ब’चा हप्ता उशिराच्या दर १२ महिन्यांमागे १० टक्क्यांनी वाढू शकतो. सोबत जन्मदाखला, नागरिकत्वाचा पुरावा किंवा ग्रीन कार्ड, लग्नाचा दाखला, लागू असेल तसा घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा पतीचा मृत्यूदाखला. झेरॉक्सवर भागत नाही, मूळ प्रत लागते. परदेशी जन्मदाखला आणि ग्रीन कार्ड टपालाने पाठवू नका, स्वतः घेऊन जा.

नावे आधीच जुळवून पाहा. स्पॅनिश रिवाजात वडिलांचे आणि आईचे अशी दोन आडनावे असतात. अमेरिकेत एखाद्या कागदावर त्यातले एकच उरते. लग्नानंतर नाव बदललेल्या आपल्या बायकांना ही अडचण वेगळी सांगायला नको.

साधनासाठी डॉक्टरांचे लेखी पत्र लागते आणि साधन घरात वापरण्यासाठी हवे असते. ‘बाजारात जाताना दमते’ एवढ्यावर व्हीलचेअर मंजूर होत नाही. आंघोळ, कपडे घालणे, जेवण, संडासला जाणे यांतले घरात काय जमत नाही, हे डॉक्टरांच्या नोंदीत यावे लागते. आणि इथेच घात होतो, कारण घर सांभाळलेली बाई ‘करते मी कसंतरी’ म्हणते आणि तेच लिहिले जाते. नातवाला दुभाषा करून नेले तर संडासाची गोष्ट ती बोलणारच नाही. दुभाषा मोफत मागता येतो, सोशल सिक्युरिटी कार्यालयातही आणि सरकारी आरोग्यनिधी घेणाऱ्या दवाखान्यातही. तो मागाच.

साधन मेडिकेअरकडे नोंदलेल्या, तिचा दर मान्य असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. वार्षिक वजावट, म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम (२०२५ साली २५७ डॉलर), भरल्यावर २० टक्के आपण द्यायचे. त्यातच ‘भाग ब’चा महिन्याचा हप्ता (२०२५ साली १८५ डॉलर). एकट्या बाईला हे झेपत नाही. तिने राज्याच्या मेडिकेड (गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना) कार्यालयात ‘मेडिकेअर सेव्हिंग्ज’ मदतीचा अर्ज करावा. २०२५ साली बहुतेक राज्यांत एकट्या व्यक्तीसाठी मर्यादा होती महिना १,३२५ डॉलर उत्पन्न आणि ९,६६० डॉलर शिल्लक. काही राज्ये अधिक सवलत देतात. राहते घर आणि एक गाडी धरत नाहीत. मंजूर झाल्यास हप्ता, वजावट, २० टक्के, तिन्ही सुटतात. यासाठी ‘भाग अ’ लागतो, म्हणून वरची नवऱ्याची नोंद एवढी मोलाची.

साधनाच्या खर्चाला मेडिकेअरचा नकार आला तर सूचना मिळाल्यापासून १२० दिवसांत अपील करता येते.

श्रवणयंत्र, न्हाणीघरातले आधारदांडे, पांढरी काठी हे मूळ मेडिकेअरमध्ये बसत नाही. यासाठी प्रत्येक राज्यात सहायक तंत्रज्ञान कार्यक्रम आहे; तिथे साधन हाताळून बघता येते, काही दिवस वापरायला नेता येते, वापरलेले पण दुरुस्त केलेलेही मिळू शकते.