उत्सर्जनाच्या तफावतीचा हिशेब: पार्श्वभूमी

जगाचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन आणि हवामानविषयक उद्दिष्टे यांच्यातील तफावत आता दरवर्षी मोजली जाते. १९९२ साली रिओ दि जानेरो येथे हवामान बदलाविषयीचा मूळ करार झाला, तेव्हा असा हिशेब मांडणे शक्यच नव्हते. कारण वायूंचे प्रमाण धोकादायक पातळीला पोहोचू नये एवढेच त्यात म्हटले होते आणि ती पातळी कोणती, हे ठरलेले नव्हते. १९९७ च्या क्योटो कराराने विकसित देशांवर कपातीचे बंधन घातले, पण अमेरिकेने त्यावर शिक्कामोर्तब केले नाही.

हिशेबाच्या दोन्ही बाजू प्रथम समोर आल्या त्या २००९ च्या कोपनहेगन परिषदेनंतर. एका बाजूला तापमानवाढ २ अंश सेल्सिअसच्या आत रोखण्याचे उद्दिष्ट होते आणि दुसऱ्या बाजूला देशांनी स्वेच्छेने दिलेली वचने. भारताचे वचन होते २०२० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणातील उत्सर्जन २००५ च्या तुलनेत २० ते २५ टक्क्यांनी घटवण्याचे. उद्दिष्टावरून प्रत्येकाचा वाटा ठरवला गेला नाही, ज्याने त्याने आपल्याला झेपेल तेवढे सांगितले, आणि तफावतीचे मूळ प्रामुख्याने इथेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१० च्या पहिल्या अहवालात या वचनांची बेरीज केली: २०२० मध्ये उत्सर्जन सुमारे ४४ अब्ज टन असायला हवे होते, पण सर्व वचने पुरेपूर पाळली तरी ते ४९ अब्ज टन भरणार होते.

२०१५ च्या पॅरिस कराराने ही पद्धत बदलली नाही. उलट, वचनांनुसार २०३० मध्ये उत्सर्जन ५५ अब्ज टन होईल आणि २ अंशांच्या मर्यादेसाठी ते ४० अब्ज टनांवर आणावे लागेल, अशी कबुली परिषदेच्या निर्णयातच नोंदवली गेली, जी अशा दस्तऐवजांत क्वचितच आढळते. दर पाच वर्षांनी वचने वाढवावीत असे ठरले. न पाळल्यास दंड मात्र नाही.

दरम्यान विलंबाची किंमत चढत गेली. याच कार्यक्रमाच्या २०१९ च्या अहवालानुसार, पॅरिस करारातील १.५ अंशांच्या अधिक कडक मर्यादेसाठी २०१० पासून कपात सुरू झाली असती तर वर्षाला ३.३ टक्के पुरली असती. २०२० पासून ती ७.६ टक्के लागणार होती. कोविडच्या टाळेबंदीतही कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सुमारे ५ टक्केच घट झाली आणि पुढच्याच वर्षी ती भरून निघाली. २०२३ मध्ये एकूण उत्सर्जन ५७.१ अब्ज टनांवर गेले. २०३५ साठीची नवी वचने फेब्रुवारी २०२५ पर्यंत अपेक्षित होती. बहुसंख्य देशांनी ती मुदत पाळली नाही.