चिमण्याचं सुतक

पाळीव प्राण्यांवर शोककविता रचण्याची चाल ग्रीकांची. टोळ, कुत्री, कोंबडे हे सगळे त्यांच्याकडे आधीच मरून झाले होते. इ.स.पू. पहिल्या शतकात कवी कॅटलसने ती चाल रोममध्ये रंगवली. प्रेयसीचं पाखरू गेलं, तर त्याने साक्षात प्रेमाच्या देवता व्हीनस आणि क्यूपिड यांना, तेही अनेकवचनात, रडायला बसवलं. पाताळाच्या काळोखाला शिव्याशाप दिले. आणि एवढ्या थाटानंतर शेवट काय, तर पोरीचे इवले डोळे रडून सुजलेत!

घोळ आहे तो या पाखराच्या नावात. लॅटिन शब्द 'पासेर'. सरळ अर्थ चिमणी, पण शब्द पुल्लिंगी. (मराठीत 'चिमणा' म्हटलं की पक्षी आणि लेकरू दोन्ही साधतात. मूल आईला ओळखतं तसा तो मालकिणीला ओळखायचा, या ओळीला तेच हवं.) चिमण्या कुठे माणसाळतात, म्हणून काहींनी निळा कस्तुर सुचवला. कवितेतली चिवचिव मात्र चिमणीचीच वाटते.

१४८९ साली इटलीतल्या एका पंडिताने छापूनच टाकलं की पाखरू हा आडपडदा आहे, आत अश्लील अर्थ दडलाय. पुरावा रोमन कवी मार्शलचा : एका कवितेत तो मुके मागतो आणि बदल्यात 'कॅटलसचा चिमणा' देऊ करतो. या तर्काची टवाळीही झाली, तरी १९७०च्या दशकात वाद पुन्हा पेटला. पण मार्शल शंभरावर वर्षांनी नंतरचा. त्याच्या चावटपणावरून त्याचे वाचक कशाला हसायचे ते कळतं, कॅटलसच्या मनातलं नाही. शिवाय तो अर्थ धरला की गंमतच जाते. ती आहे मूठभर जिवासाठी मांडलेल्या राजेशाही शोकात.

रोमन कवी ऑव्हिडने हे ओळखलं होतं. त्याच्या प्रेयसीचा पोपट थेट भारतातून आलेला. तो मेल्यावर कवी दंतकथेतल्या, दुःखाने पोळून पक्षी झालेल्या फिलोमेलाला बजावतो : तुझं दुःख मोठं खरं, पण जुनं झालं; आता याच्यासाठी रड. चांगले आधी जातात याचा दाखला म्हणून ट्रॉयचा वीर हेक्टर याची राख पुढे करतो. पोपटाला कबर मिळते, वर पुण्यवान पक्ष्यांच्या राईत जागाही.

इ.स. ५४ मध्ये सम्राट क्लॉडियस वारला. तत्त्वज्ञ सेनेकाच्या नावावर असलेल्या उपहासकृतीत देवांचा दूत मर्क्युरी त्याला मानगूट धरून पाताळात ओढत नेतो. कुठे? 'जिथून कोणी परतत नाही म्हणतात' तिथे. ओळ कॅटलसच्या चिमण्याच्या कवितेतलीच.