पुढे पाठवलेला इव्हेंट कोणाच्या नावावर?

व्हिज्युअल बेसिक (व्हीबी) या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग भाषेत ज्यांनी कधी स्वतःचा कंट्रोल, म्हणजे खिडकीत ठेवायचा घटक, बनवला, त्यांच्या बोटांना एक ओळ पाठ असते: आतल्या बटणाच्या क्लिकमध्ये ‘रेझइव्हेंट क्लिक’. बटण कंट्रोलच्या आत आणि फॉर्म, म्हणजे प्रोग्रामची खिडकी, बाहेर. फॉर्मला आतलं बटण दिसतच नाही. म्हणून कंट्रोलने आतला इव्हेंट, म्हणजे ‘काहीतरी घडलं’ हा निरोप, उचलायचा आणि आपला म्हणून बाहेर सोडायचा. १९९७ च्या पाचव्या आवृत्तीत ही सोय आली. सोबत एक विझार्डही होता. तो अशा ओळींची रास आपोआप लिहून द्यायचा आणि वर मोठ्या अक्षरांत दरडावायचा, की खालच्या कॉमेंटला हात लावू नका. तरी हात लावला जायचाच.

सांगलीत, निदान मी ज्या वर्तुळात काम शिकलो तिथे, या भाषेचा मुक्काम जरा लांबलाच. साखर कारखान्याचा वजनकाटा असो की मार्केट यार्डातली हळदीची पट्टी, प्रोग्राम व्हीबीतच असायचा. सीरियल पोर्टवरून वजन आलं की ‘ऑनकॉम’ इव्हेंट, तो काट्याच्या कंट्रोलमधून फॉर्मकडे, तिथून पावतीकडे. इव्हेंट पुढे पाठवणं ही कल्पना आम्हाला अशी, उसाच्या ट्रॉलीबरोबर भेटली.

कल्पना अर्थातच जुनी. १९८० च्या स्मॉलटॉक या भाषेत एखादी वस्तू (ऑब्जेक्ट) ‘मी बदलले’ एवढंच जाहीर करायची आणि तिच्यावर अवलंबून असलेल्यांना ‘अपडेट’ जायचा. विंडोजमध्ये बटण दाबलं की निरोप बटणाच्या पालक खिडकीकडे जाई. पुढे सी प्लस प्लसवाल्यांनी तोच निरोप पालकाकडून परत मुलाकडे परावर्तित करायची युक्ती काढली. १९९५ च्या डेल्फी या प्रोग्रामिंग साधनात इव्हेंट म्हणजे सरळ एक प्रॉपर्टी (वस्तूचा गुणधर्म) झाली, तिच्यात ‘कोणाची कोणती मेथड’, म्हणजे कोणत्या वस्तूचा कोणता कोड, एवढं साठवलेलं. आणि प्रत्येक हँडलरच्या, म्हणजे इव्हेंट आल्यावर चालणाऱ्या कोडच्या, हातात पहिला पॅरामीटर: सेंडर, इव्हेंट पाठवणारी वस्तू.

खरी ठिणगी जावा या भाषेत पडली. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत इव्हेंट घटकाकडून त्याच्या कंटेनरकडे, तिथून आणखी वर, असा चढत जायचा. वाटेत कोणी ‘ट्रू’ परत केलं की तिथेच संपला, ‘फॉल्स’ केलं की पुढे. ऐकायला सोपं, पण प्रत्येक बटणासाठी क्लास (वस्तूचा साचा) वारशाने घ्यावा लागे, नाहीतर वरच्या पातळीवर इफ-एल्सची माळ लावावी लागे. १९९७ च्या फेब्रुवारीत १.१ आली आणि हे सगळं मोडीत निघालं. आता ज्याला हवं त्याने लिसनर (ऐकणारा) म्हणून नाव नोंदवायचं. या पद्धतीचं अधिकृत नाव ठेवलं ‘डेलिगेशन इव्हेंट मॉडेल’.

पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट या प्रतिस्पर्धी कंपनीने आपल्या जावा साधनात ‘डेलिगेट’ हा नवा कीवर्डच घुसवला: मेथडचा पत्ता आणि तिची वस्तू, दोन्ही एका गाठोड्यात. जावाच्या मालकांनी, म्हणजे सन कंपनीने, जाहीर निवेदन काढलं, की याची गरज नाही, इनर क्लास (क्लासच्या आत लिहिलेले क्लास) पुरेसे आहेत, भाषा उगाच बोजड होईल. दोघांमध्ये तेव्हा कोर्टकज्जा चालूच होता, त्यामुळे तांत्रिक आक्षेप किती आणि भाऊबंदकी किती हे वेगळं काढणं अवघड. माझं मत विचाराल तर आक्षेपात थोडं तथ्य होतं, पण इनर क्लासचा तो पसारा ज्याने हाताने लिहिला तो ‘पुरेसे’ म्हणणार नाही. जावात मेथडचा थेट संदर्भ द्यायची सोय आली ती आठव्या आवृत्तीत, २०१४ ला. सोळा वर्षं गेली.

या भांडणात शब्दाचा मात्र चुथडा झाला. १९८६ च्या एका शोधनिबंधात डेलिगेशनचा अर्थ काटेकोर होता: काम दुसऱ्याकडे सोपवलं, तरी त्या कामात ‘मी’ म्हणजे सोपवणाराच. नुसतं पुढे पाठवलं, तर पोचताच ‘मी’ बदलतो आणि घेणारा ‘मी’ होतो. सोपवणं आणि पाठवणं यांतला फरक मराठीत लगेच कळतो. इंग्रजीतून शिकवताना कोणी सांगितला नाही. या कसोटीवर जावाचं डेलिगेशन मॉडेल डेलिगेशन नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या सी शार्प भाषेचा डेलिगेटही नव्हे, कारण हाक मारताच ‘धिस’, म्हणजे कोडमधला ‘मी’, ही ऐकणारी वस्तू. मॅकच्या दुनियेतला डेलिगेट तिसराच: खिडकी बंद करू का, असं ज्याला विचारायचं तो सल्लागार. आणि ब्राउझरवाल्यांचं इव्हेंट डेलिगेशन म्हणजे शंभर ओळींवर शंभर लिसनर न लावता वरच्या यादीवर एकच लावून ठेवणं. तिथे सोपवत तर कोणीच नाही, वर येणाऱ्याची वाट अडवून बसणं आहे ते. मुलाखतीत हा शब्द आला की आधी गाव विचारावं.

२००२ मध्ये डॉटनेट, म्हणजे सी शार्प आणि नव्या व्हीबीचं घर, आलं आणि डेल्फीचा सेंडर आमच्या दारात उभा राहिला. जुन्या व्हीबीत हा प्रश्नच नव्हता. हँडलरच्या नावातच कंट्रोलचं नाव, त्यामुळे पुढे पाठवलेला इव्हेंट आपोआप बाहेरच्याच्या नावावर पडे. आता पाठवायच्या दोन वाटा झाल्या. एक, आतला इव्हेंट पकडून ‘धिस’ देऊन पुन्हा उठवायचा. दुसरी, इव्हेंटच्या ॲड आणि रिमूव्हमध्ये (ऐकणारा जोडायच्या आणि काढायच्या कोडमध्ये) ऐकणाऱ्याला परस्पर आतल्या वस्तूला जोडून द्यायचं. दुसरी वाट आखूड, कोडही कमी, पण तिथे सेंडर आतला येतो. यार्डात हळद घेणारा व्यापारी अडत्याला ओळखतो. पोत्यामागचा शेतकरी थेट समोर आला तर हिशेब कोणाच्या खात्यावर लिहायचा?

एका कारखान्यात आम्ही दुसरी वाट धरली. दोन काटे, एक फॉर्म. फॉर्ममध्ये सेंडर काट्याच्या टाइपमध्ये बदलून पाहायचा: पहिला काटा असेल तर वरची चौकट, नाहीतर खालची. सेंडर म्हणून येत होता आतला सीरियल पोर्ट, बदल फसून हाती नल (काहीच नाही), आणि दोन्ही काट्यांची वजनं खालच्या चौकटीत. ऐन गळीत हंगामात ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. दुरुस्ती एका ओळीची होती. सापडायला पहाट झाली.

नंतरच्या रचनांनी हा तिढा नावं वाढवून सोडवला. २००६ च्या डब्ल्यूपीएफमध्ये (डॉटनेटची खिडक्या बनवायची नवी रचना) सेंडर वेगळा, सोर्स वेगळा, ओरिजिनल सोर्स वेगळा. ब्राउझरमध्ये त्याआधीच, २००० च्या नोव्हेंबरमधल्या मानकाने टार्गेट (जिथे घडलं तो) आणि करंटटार्गेट (ज्याचा लिसनर आत्ता चालतोय तो) अशी फोड केली होती. एका ब्राउझरचा इव्हेंट वरून खाली, दुसऱ्याचा खालून वर, हे भांडणही त्याच मानकाने दोन्ही वाटा ठेवून मिटवलं. मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरने मात्र ते पाळायला २०११ उजाडवलं, आणि तोवर आम्ही प्रत्येक पानावर दोन-दोन प्रकारचं कोड लिहीत बसलो.

शॅडो डॉममध्ये, म्हणजे वेबपानावरच्या घटकाचा आतला भाग बाहेरून झाकणाऱ्या सोयीत, हाच प्रश्न पुन्हा आला. घटकाच्या आत बटण दाबलं, तर बाहेरच्या लिसनरला टार्गेट म्हणून बटण न दाखवता तो घटकच दाखवला जातो. आतला मार्ग पाहायचा तर ‘कंपोज्डपाथ’ विचारायचा. घटक ‘क्लोज्ड’ असेल तर त्यातही आतलं काही येत नाही. १९९७ च्या आमच्या फॉर्मला दिसायचं तेवढंच दिसतं.