देह आणि देहस्तान: इराणी खेड्याचा पत्ता वाचताना

इराणमधल्या एखाद्या खेड्याची माहिती काढायला गेलं की पहिल्याच ओळीत नावांची उतरंड समोर येते. उदाहरणार्थ अबयाने: इस्फहान प्रांत, नतन्झ शहरस्तान, मध्यवर्ती बख्श, बर्झरूद देहस्तान. यात गाव एकच, अबयाने. ‘शहरस्तान’ म्हणजे शहर नव्हे, शहराभोवतालचा मुलूख; ‘बख्श’ म्हणजे त्या मुलुखाचा एक भाग. आणि ‘मध्यवर्ती’ म्हणजे त्या शहरस्तानापुरतं मध्यवर्ती, देशाचा मध्य नव्हे. हे एकदा सांगितलं की लक्षात राहतं. खरा घोळ होतो तो देह आणि देहस्तान यांत.

देह म्हणजे गाव. शब्द आपल्याला परका नाही. पेशवाईच्या दप्तरांत गावांची मोजदाद ‘देहे’ म्हणून सापडते आणि गावांच्या यादीला देहझाडा म्हणत. आजच्या इराणच्या कायद्यात मात्र ‘रूस्ता’ हा शब्द चालतो. 1983 च्या कायद्यानुसार रूस्ता ठरायला किमान 20 कुटुंबं किंवा 100 माणसं लागतात.

देहस्तान म्हणजे अशा गावांचा जुडगा, साधारण आपल्या महसुली मंडळासारखा, ज्याला तलाठी आणि शेतकरी ‘सर्कल’ म्हणतात. त्याच कायद्यात त्यासाठी लोकवस्तीच्या दाटीप्रमाणे 8000, 6000 किंवा 4000 लोकसंख्येची अट आहे. गावचा कारभार पाहतो तो देहयार, देहस्तानाचा तो देहदार. एका अक्षराचा फरक, पण एकाचं काम दुसऱ्याकडे घेऊन गेलात तर हेलपाटा ठरलेला.

फसगत होते ती नाव सारखं असलं की. पुष्कळ देहस्तानांची नावं त्यांतल्याच एखाद्या गावावरून पडलेली आहेत. त्यात होसेनाबाद, अलीआबाद अशी गावं तर इराणभर पसरलेली, आपल्याकडच्या पिंपळगावांसारखी. मग देहस्तानाचे काही हजार लोक गावाच्या नावावर चढतात. माझा साधा ठोकताळा असा: आकडा चार हजारांच्या पुढे दिसला की तो नक्की कशाचा, हे आधी पाहायचं. मोठी खेडी असतातही, पण शंका घेतलेली बरी.

शिवाय नुसती डोकी मोजू नयेत. इराणी खानेसुमारीत लोकसंख्येशेजारी कुटुंबांची संख्याही असते, आणि बोलका आकडा तोच. 2006 साली अबयानेत 305 माणसं आणि 160 कुटुंबं होती. भागून पाहा, एका घरात जेमतेम दोन माणसं! करकस डोंगराच्या कुशीतली लाल मातीची ती घरं म्हातारा-म्हातारीच्या भरवशावर उभी आहेत, तरुण तेहरानसारख्या शहरांत गेलेत, हे त्या भागाकारातच दिसतं. भाषेचंही तसंच. फारसी सगळ्यांना येते, पण घरात जुन्या वळणाची बोली, तेहरानच्या माणसाला चटकन न कळणारी.

लोकसंख्येवरून दर्जा ओळखायला जाल तर तेही फसेल. गीलान प्रांतातलं मासूले जेमतेम काहीशे वस्तीचं, एकाचं छप्पर म्हणजे वरच्याचं अंगण अशा उतरणीवरचं; आपण त्याला खेडंच म्हणू, पण सरकारदरबारी ते शहर आहे.

आणि काही नोंदींत गावाचं नाव असतं, लोकसंख्येचा रकाना मात्र कोरा. घरं फारच थोडी असली तर आकडा छापत नाहीत. गाव ओस पडलं असं समजू नका. दोन-तीन चुली तिथे पेटत असतात.