कसुतीचा टाका आणि पिक्सेलची उसवण

इरकली लुगड्यावर कसुतीचं भरतकाम करताना कापडाचे धागे मोजत सुई चालवतात, गाठ कुठेच मारत नाहीत. टाका चुकला की शेवटचा आधी उसवायचा, मग त्याच्या आधीचा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कसुतीचं गोपूर किंवा रथ पिक्सेल चित्रात उतरवू पाहणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा, कारण अनडू, म्हणजे केलेला बदल मागे घेणं (कंट्रोल झेड), तसंच चालतं.

३२ बाय ३२ चौकटींच्या चित्रात १,०२४ पिक्सेल असतात. एका पिक्सेलला ४ बाइट धरले तर अख्खं चित्र ४ किलोबाइटचं. हजार पायऱ्यांच्या, म्हणजे हजार बदलांच्या, पूर्ण प्रती ठेवल्या तरी जागा साधारण ४ मेगाबाइटच लागते, तेव्हा अनडू वापरताना हात आखडता घेऊ नका.

पेन टेकवल्यापासून उचलेपर्यंतची रेघ सहसा एकच पायरी धरतात. लांब रेघ शेवटच्या चौकटीत चुकली तरी अनडूने सगळी जाते. म्हणून कसुतीतल्या मुरगीच्या टाक्यासारखी, जिन्यागत पायऱ्यापायऱ्यांची नक्षी तुकड्यातुकड्याने काढावी.

रंग ओतायच्या बादलीचं काम मात्र उलटं करून सुटत नाही. समजा काठ लाल आहे आणि शेजारचा हिरवा भाग तुम्ही लाल केलात. आता त्यात पुन्हा हिरवा ओतला तर तो काठातही पसरतो, कारण दोन्ही लाल एक झाले आणि सीमाच उरली नाही. म्हणूनच सॉफ्टवेअरला बदललेल्या पिक्सेलचे जुने रंग जपून ठेवावे लागतात. अशा वेळी हाताने दुरुस्ती करत बसू नका, लगेच कंट्रोल झेड दाबा.

रिडूचा, म्हणजे मागे घेतलेला बदल पुन्हा आणण्याचा (कंट्रोल वाय), सगळ्यात चांगला उपयोग तुलनेसाठी. सावलीचा रंग बदलल्यावर कंट्रोल झेड आणि कंट्रोल वाय आलटूनपालटून दाबा. कुठली छटा बरी, ते डोळ्यांना चटकन कळतं. पण मागे गेलेले असताना चुकून एक ठिपका जरी पडला, तरी बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये पुढच्या साऱ्या पायऱ्या जातात. तो ठिपका अनडू केला तरी त्या परत येत नाहीत. एसप्राइट या पिक्सेल चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये यावर उपाय आहे: प्रेफरन्सेसच्या अनडू विभागात नॉन-लिनियर हिस्टरीची परवानगी द्या, म्हणजे नवा बदल केला तरी पुढच्या पायऱ्या पुसल्या जात नाहीत. तिथेच अनडूसाठी किती मेगाबाइट वापरायचे, ती मर्यादाही ठरवता येते.

फाइल बंद केली की हा इतिहास संपतो. पीएनजीमध्ये तो साठवला जात नाही. मोठा बदल करण्याआधी गोपूर-१, गोपूर-२ अशा वेगळ्या प्रती सेव्ह करा.